कपाटातलं गाणं

गाण्याच्या बाई निवृत्त झाल्या, तेव्हा घरात त्यांचं गाणं ऐकायला कुणी उरलं नव्हतं. त्यांनी एक कपाट रिकामं केलं, आतून जुन्या रजया ठोकल्या, स्वस्तातला माइक टांगला आणि दार ओढून घेऊन गाणं रेकॉर्ड करून बहिणीला पाठवलं.

ते ऐकून बहिणीचा फोन आला. "अगं, एवढा मोठा हॉल कुठे मिळाला तुला?"

"हॉल कसला? कपाटात बसून गायले."

"काहीतरीच! मागे लोक खोकताहेत की."

दुसऱ्या दुपारी बाई कपाटाचं दार ओढून घेऊन, हेडफोन लावून पुन्हा गायल्या. गाणं संपताच कानात टाळ्या कडाडल्या.

घाबरायला हवं होतं. पण त्यांचे डोळेच भरून आले. त्यांनी हळूच विचारलं, "आणखी एक म्हणू?"

हेडफोनमधून नव्हे, त्यांच्या गुडघ्याजवळून उत्तर आलं, "म्हणा ना. दार आम्ही धरून ठेवलंय."