टेलरचं विमान

निवृत्त फायटर पायलटचं रिमोटवरचं विमान सलग तिसऱ्या रविवारी नाकावर आपटलं. ज्या लढाऊ विमानात त्याने उमेदीची वर्षं काढली, त्याचंच हुबेहूब मॉडेल. आठ महिने खपून स्वतःच्या हातांनी केलेलं. आणि त्याच मैदानावर एक टेलर, जन्मात विमानाची पायरी न चढलेला, आपलं विमान असं अलगद उतरवत होता की पायलटच्या अंगाचा तिळपापड झाला.

"साहेब, विमान आपल्याकडे तोंड करून येतं ना, तेव्हा डावं-उजवं उलटं होतं," तुकडे गोळा करत टेलर म्हणाला.

"मला शिकवू नका, मास्तर. शिलाई मशीन सोडून काही चालवलंय का आयुष्यात?"

"नाही ना. म्हणूनच जमतं." टेलरने तुटका पंख त्याच्या हातात ठेवला. "तुम्ही अजून आतच बसलेले असता. मी तीस वर्षं तुमच्या तळाच्या गेटबाहेर तुमचेच युनिफॉर्म शिवले. डोक्यावरून विमान गेलं की मशीन थांबवायचो आणि मान वर करून तुमच्यावर जळत बसायचो. खालून ते कसं वळतं, तेवढं मात्र पाठ झालं."