आसावरचं वजन

"अगं, तुझा नकाशा मला पुलावरून जाऊच देत नाही," ट्रक चालवणारे बाबा फोनवर वैतागले. मागे मधमाश्यांच्या पेट्या होत्या, पुलापलीकडच्या फुललेल्या शेतांत न्यायच्या. लांबच्या वळशात ऊन चढलं, तर माश्या आतल्या आत गुदमरणार. नकाशे बनवणाऱ्या लेकीनं स्क्रीनवर पूल शोधला. तिनंच नोंदवलं होतं: संपूर्ण गाडी, आठ टन. पण आठ टन नेमके कशाचे? "बाबा, पुलाच्या पाटीवर आकड्याखाली काय काढलंय? अख्खा ट्रक?" "छे! दोन चाकं आणि मधे दांडा. पोराटोरानं काढल्यासारखं." "म्हणजे आठ टन एकेका आसाला, अख्ख्या गाडीला नाही! तुमच्या तीन आसांवर किती भरतं?" "वजनकाट्यावर पुढे पाच, मागच्या दोन्हींवर साडेसहा-साडेसहा." "मग निघा की!" "आणि नकाशा रागावला तर?" "त्याची समजूत मी काढते." तिनं आकडा आसाच्या रकान्यात हलवला. पूल ओलांडताच बाबा म्हणाले, "ऐक, फुलांच्या वासानं पेट्या गुणगुणतायत."