लेकीशी शर्यत
निवृत्त बसचालक आणि त्याची परदेशातली लेक रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळायचे. गेल्या आठवड्यात त्याच्या कॉम्प्युटरने धूर सोडला आणि मान टाकली. घरात जीव रमेना, तसं त्याने कॉम्प्युटरचं दुकान गाठलं. “नातवासाठी का, काका?” दुकानातल्या बाईने विचारलं. “छे, मलाच. लेकीशी शर्यत लावायचीय.” तिने हौसेने प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पंखे असं सगळं ठरवून दिलं, पण सामान यायला महिना लागणार होता. त्याचा चेहरा उतरला. “तोवर फोनवर बोला की तिच्याशी!” “फोनवर ती ‘जेवलास का, गोळी घेतलीस का’ विचारते आणि ठेवून देते. खेळताना मात्र तासभर भांडते.” बाईने आपल्याच कॉम्प्युटरवर खेळ लावून त्याला खुर्ची दिली. हेडफोनमध्ये लेक ओरडली, “बाबा! आलास एकदाचा! आता रडवते बघ तुला!” त्याला रस्ताच दिसेना.