हुलग्याचं कढण

"दुखणं तोंडानं बोलू न्हाई, कडू. बोललं की त्याला पाय फुटतात." आईला जाऊन तीस वर्षं झाली होती, तरी बोका कण्हला तसा कडूबाच्या कानात तिचाच आवाज आला.

राखाडी बोका चुलीच्या राखेत बसला होता. जोर करत होता आणि लघवीचा थेंब उतरत नव्हता. पोट हाताला लिंबासारखं टणक लागलं. कडूबानं त्याला बाजाराच्या पिशवीत घातलं, तोंड तेवढं बाहेर ठेवलं आणि मोटारसायकल काढली. पिशवी मांडीवर घेऊन बायको गोजरबाई मागं बसली.

त्यांचं गाव वाटूर सुटल्यापासून तिचं तोंड चालू होतं. पोळ्यापासून ह्या बोक्यासाठी ती रोज हुलग्याचं कढण शिजवत होती. बोक्याला मुतखडा झालाय, हुलग्यानं विरघळतो, असं कडूबाच म्हणाला होता. बोका तर तेव्हा पत्र्यावर उड्या मारत होता. आळीतल्या बाया हसल्या. तरी तिनं शिजवलं, कारण कडूबा स्वतः वाटी गोठ्यात न्यायचा आणि वाटी चाटूनपुसून परत यायची. मंग आता हे काय झालं?

कडूबा खड्डा दिसला की गाडी पार थांबवायचा, दात आवळून हळूच उतरवायचा.

"माझ्या बाळंतपणाला बैलगाडी एवढी जपून हाकली न्हाई," गोजरबाई म्हणाली.

परतूरला जनावरांची डॉक्टर होती साजिया, त्यांच्या गावातल्याच लालमियाँची लेक. तिनं बोक्याचं पोट दाबलं आणि तिचा चेहरा उतरला. खड्यानं लघवीची वाट बंद झाली होती. नळी घालून मोकळी करता येईल, पण आधी गुंगीची सुई द्यावी लागेल, असं तिनं समजावलं. दुखणं एक-दोन दिवसांचं असेल तर बोका वाचेल. जुनं असेल तर किडन्या गेलेल्या असतील, सुईतच जीव जाईल.

"पोळ्यापासूनचं हाय, माय," गोजरबाईनं सांगून टाकलं. "ह्यांनीच ओळखलं."

दसरा होऊन गेला होता. साजियानं भरलेली सुई ट्रेमध्ये परत ठेवली.

"एवढं जुनं असलं तर मी हात लावणार न्हाई, काका. बराबर आठवून सांगा."

बोक्यानं बारीक आवाज काढला. कडूबानं टोपी काढली, पुन्हा घातली. आईनं सांगितलेले पाय त्याला समोर टेबलावर दिसत होते. चार होते, राखाडी, थरथरणारे.

"सुई दे, पोरी," तो म्हणाला. "बोक्याचं कालपासून हाय. पोळ्यापासून माझं हाय."