नाही म्हणायची रीत

लिआंगसाहेबांनी चीनच्या वकिलातींत तीस वर्षं काढली. केनिया, पेरू, नॉर्वे, शेवटी अमेरिका. त्यांच्या गावाकडची रीत अशी, की कुणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. परदेशात यजमान पहिल्या 'नको'लाच भांडं परत न्यायचे. कितीतरी मेजवान्यांवरून साहेब अर्धपोटी परतले, पण सवय काही सुटली नाही.

निवृत्तीनंतर ते मुलगी मेईबरोबर अमेरिकेतच अ‍ॅशबर्नला पद्मिनीबाईंच्या घरी गेले. चहा झाल्यावर पद्मिनीबाईंचा मुलगा यशोधन धीर करून इंग्रजीत म्हणाला, "सर, मला मेईशी लग्न करायचंय. तुमची परवानगी आहे?"

मुलगा साहेबांना मनापासून आवडला होता.

"नो," ते म्हणाले.

"ओके सर, आय रिस्पेक्ट दॅट," म्हणत यशोधन पडलेल्या चेहऱ्यानं उठला. साहेबही गडबडून अर्धे उठले.

"उठतोस काय?" पद्मिनीबाई मुलावर कडाडल्या. "मुलीचा बाप पहिल्याच फटक्यात हो म्हणतो होय रे? बस खाली. परत विचार."

यशोधननं चाचरत परत विचारलं.

साहेबांचा चेहरा खुलला. मोठ्या आनंदानं ते म्हणाले, "नो!"