डोक्याचा मान

मासे पकडण्याची मर्यादा ठरवणाऱ्या बैठकीत संशोधक मेरेआनाने नारिंगी माशाचं शिजवलेलं डोकं आणलं. "आम्हा माओरींत हे वडीलधाऱ्याला वाढतात." साठीतल्या ट्रॉलरमालकाने खुशीत ताट ओढलं. "डोकी आम्ही फेकतो, बाई! पण मर्यादा घटवू नका. हा मासा भराभर वाढतो, पंचवीस वर्षं जगतो." "वय ठरवताना त्याच्या कानातल्या खड्यावरच्या रेघा तुम्ही वरवर मोजल्या." तिने चिंचोक्याएवढा कापलेला खडा सरकवला. "याच डोक्यातला. वर्षाला एक रेघ; एकशे एकोणीस भरल्या! तिशीनंतर कुठे अंडी घालतो हा." अध्यक्ष पुटपुटले, "खात्री होईपर्यंत अभ्यास करू. तोवर पकड तेवढीच." मेरेआनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खात्री नसेल तर कमी पकडायचं असतं, साहेब! की रिकाम्या समुद्राचा अभ्यास करणार?" मालकाने चमचा उचलला. तिने ताट हिसकावलं. "या खोलीत वडीलधारा एकच होता. त्याचंच हे डोकं."