आज काय लागलंय?

"आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आता बेकरी नाही," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली आणि सवयीने तिने खिडकीपाशी बसलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबा स्वस्थ होते. फोनमधून शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "छान. पुढे?"

"बेकरीच्या जागी बँकेचं मशीन आहे. थिएटर पाडलं. तिथे गाड्या लावतात. झाडं दोनच उरली आहेत."

उद्या तोंडी परीक्षा होती. विषय ठरलेला होता: आपण राहतो तो परिसर. पास झाली, तर समुद्रापलीकडच्या हॉस्पिटलातली नर्सची नोकरी पक्की. त्यासाठी वर्षभर स्वयंपाक करता करता तिने धडे मोठ्या आवाजात लावले होते. घरातल्या भांड्यांनाही एव्हाना स्पॅनिशमधलं कसं-काय-बरं-आहे पाठ झालं असावं. बाईंचा नियम एकच होता. खरं तेच सांगायचं. बनवून सांगायला गेलं की शब्द सापडत नाहीत. म्हणून त्या भाषेत ती खरं बोलायची.

मराठीत मात्र ती गेली काही वर्षं बाबांना धडधडीत थापा मारत होती.

बाबा कोपऱ्यावरच्या थिएटरात ऑपरेटर होते. सगळी हयात प्रोजेक्टरच्या घरघरीत गेली. मग काचबिंदूने नजर गेली, त्याच वर्षी आई गेली, आणि काका त्यांना काही महिने आपल्याकडे घेऊन गेले. बाबा परत आले तोवर गल्ली उलटीपालटी झाली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी विचारलं, "थिएटरला काय लागलंय गं?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नवीन आहे. जुळ्या भावांचा."

ते अंगाशी आलं. रोज संध्याकाळी तोच प्रश्न. तिने हाणामारीचे सिनेमे लावले, रडके लावले, एकाच नायिकेचं तीनदा लग्न मोडलं. ड्यूटीच्या गडबडीत सिनेमा बदलायचा राहून गेला की तो महिना-महिना चालायचा. "चांगला धंदा करतोय म्हणायचा," बाबा म्हणायचे. पाव ती दोन स्टॉप लांबून आणायची आणि कोपऱ्यावरचा म्हणून वाढायची. बेकरीवाला तुमची चौकशी करत होता, असंही वर ठोकून द्यायची. फिरायला न्यायची ते मागच्या रस्त्याने, पुढे खणून ठेवलंय म्हणून. ते पुढचं खणणं काही संपतच नव्हतं.

पण सांगता सांगता तिला ती गल्ली दिसायची. तिकिटाच्या खिडकीपाशी लोटालोटी, बेकरीच्या काचेमागे रचलेले ट्रे. शेवटचा खेळ सुटला की बाबा बेकरीच्या मागच्या दारातून गरम पाव घेऊन यायचे आणि आई दारातच म्हणायची, "आधी हात धुवा." राहत ती तिथेच होती, तरी तिला त्या गल्लीची फार आठवण यायची.

"शब्द चांगले आहेत," बाई म्हणाल्या. "पण आवाज का पडलाय?"

ती स्पॅनिशमध्येच, अडखळत म्हणाली, "बाई, मी उद्या जात नाही परीक्षेला. बाबांना यातलं काही माहीत नाही. मी गेले की काका इथे राहायला येणार. काकांच्या पोटात काही राहत नाही. पहिल्याच दिवशी ते सगळं सांगून टाकतील. बाबांकडे ती गल्ली सोडून काय उरलंय?"

उत्तर फोनमधून नाही, खिडकीकडून आलं.

"बेकरी नाही. थिएटर नाही. मला माहीत आहे. तू जा."

उच्चार वेडेवाकडे होते. वाक्यं पहिल्या धड्यातल्या मुलांसारखी एवढीएवढीशी. पण होती स्पॅनिशमध्ये.

"शाब्बास!" फोनमधून बाई खूश होऊन म्हणाल्या. "हे कोण?"

तिने फोन बंद केला. ती बाबांसमोर येऊन बसली. "बाबा, तुम्हाला कळतं?"

"वर्षभर कान किटलेत माझे. दुसरा उद्योग काय आहे मला?"

"आणि थिएटरचं? ते कोणी सांगितलं?"

"सांगायला कोण कशाला हवं? जन्म गेला तिथे माझा. शेवटचा खेळ सुटला की या खिडकीखालून माणसं बोलत बोलत जायची. काकाकडून आलो त्या रात्री जागा राहिलो. कोणी गेलं नाही." ते थोडं हसले. "आणि कोपऱ्यावरचा पाव घरी येईपर्यंत थंड होत नाही गं."

ती ओशाळली. मग तिला रागच आला. इतक्या संध्याकाळी, इतके सिनेमे, दमून आल्यावर रचलेले.

"मग रोज कशाला विचारायचात, काय लागलंय म्हणून? मी आपली वेड्यासारखी गोष्टी जुळवत बसायचे!"

बाबांनी हात पुढे केला. चाचपत चाचपत तिचं मनगट धरलं.

"तुझी आई गेल्यापासून तू बोलणंच टाकलं होतंस. हो-नाहीच्या पलीकडे शब्द नाही. माझी नजर गेली त्याचं काही वाटलं नव्हतं मला, पण घरात तुझा आवाज नाही म्हटल्यावर जीव घाबरला. काय विचारावं ते सुचेना, म्हणून थिएटरचं विचारलं. तू जेवण गार होईपर्यंत बोलत होतीस."